कॉस्टिकच्या पलीकडचे बेस : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ल आणि बेस यांच्यावर लिहिताना शेवटी एक ओळ टाकली होती : कॉस्टिक सोड्याहून कितीतरी जोरदार बेस असतात आणि त्यांतले सगळ्यात कामाचे म्हणजे लिथियम अमाइड (त्यांतलं नेहमी लागणारं म्हणजे लिथियम डायआयसोप्रोपिल अमाइड, थोडक्यात एलडीए). त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की हा महिना त्यांनाच देते. पत्रलेखकांची नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : मॅडम, मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. माझे पप्पा इंडालच्या ॲल्युमिनियम कारखान्यातून निवृत्त झाले. कॉस्टिक अंगावर उडालं तर काय होतं हे ऐकतच मी वाढले. त्याहून जोरदार बेस म्हणजे नक्की काय? पुस्तकात ‘एलडीए हा स्ट्राँग बेस पण वीक न्यूक्लिओफाइल’ एवढ्या एका ओळीत विषय संपवलाय. ब्युटिललिथियम तर एलडीएहूनही जोरदार, मग सरळ तेच का वापरत नाहीत?
– विद्यार्थिनी, कंग्राळी

उत्तर : तुझ्या पप्पांच्या कारखान्यापासूनच सुरू करू. तिथे बॉक्साइट गरम कॉस्टिकमध्ये मुरवतात. ॲल्युमिना विरघळून बाजूला होतो आणि लाल गाळ मागे राहतो. बायर नावाच्या रसायनतज्ज्ञाने १८८०च्या दशकात काढलेली ही पद्धत. बेस म्हणजे प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचा केंद्रक, ओढून घेणारा. इथे प्रोटॉन ओढणारा आहे हायड्रॉक्साइड, आणि तो पाण्यात आहे. पाण्यात हायड्रॉक्साइडहून जोरदार बेस टिकूच शकत नाही. तू कितीही तगडा बेस आणून टाक, तो पाण्याचाच प्रोटॉन ओढून घेतो आणि भांड्यात उरतो पुन्हा हायड्रॉक्साइड. कॉस्टिकच्या पुढे जायचं असेल तर आधी पाणी सोडावं लागतं. म्हणून ही सगळी रसायनं टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान) सारख्या कोरड्या द्रावकात राहतात.

आता ताकद. बेसने प्रोटॉन घेतल्यावर जे तयार होतं, त्याचा पीकेए बघायचा, म्हणजे ते आपला प्रोटॉन किती घट्ट धरतं त्याचा आकडा. तो जितका मोठा, तितका मूळ बेस जोरदार. हायड्रॉक्साइडपासून होणाऱ्या पाण्याचा पीकेए १५.७. एलडीएपासून होणाऱ्या डायआयसोप्रोपिल अमाइनचा टीएचएफमध्ये सुमारे ३६. ब्युटिललिथियमपासून होणाऱ्या ब्युटेनचा ५०च्या आसपास. हे आकडे एकाच द्रावकातले नाहीत, त्यामुळे वजाबाकी अंदाजापुरतीच धर. तरी हायड्रॉक्साइड आणि एलडीए यांच्यात २० घरांचं अंतर आहे, आणि एकेक घर दहापटीचं.

पण नुसत्या आकड्यावर थांबू नकोस. आपल्याकडे विद्यार्थी पीकेएचा तक्ता पाठ करतात आणि त्या आकड्याने भांड्यात काय घडतं हे त्यांना कुणी सांगतच नाही. साधा कीटोन घे. त्यातल्या कार्बोनिलशेजारच्या (ऑक्सिजनशी दुहेरी बंधाने जोडलेल्या कार्बनशेजारच्या) कार्बनवरच्या हायड्रोजनचा पीकेए १९–२०. त्यात कॉस्टिक घातलंस तर दहा हजार रेणूंमागे एखाद्याचाच प्रोटॉन निघून इनोलेट होतो, बाकीचे तसेच उभे. मग तो एकटा इनोलेट शेजारच्या कोऱ्या कीटोनवर जाऊन आदळतो, आपापसात जोडण्या होतात. अशा जोडणीतून होणारा अल्डॉल हवा असेल तेव्हा हे ठीक. पण तुला त्या इनोलेटवर मिथिल आयोडाइडने मिथिल गट चढवायचा असेल तर हाती लगदा येतो. एलडीए असेल तर फरक १६ घरांचा. एकूणएक रेणूचा प्रोटॉन निघतो, कोरा कीटोन उरतच नाही, आणि इनोलेट शांतपणे तुझ्या पुढच्या रसायनाची वाट बघत राहतो. मला विचारशील तर एलडीएचं खरं मोल याच्यात आहे. अर्थात त्यासाठी कीटोन थेंबाथेंबाने एलडीएमध्ये घालायचा. उलटं केलंस, म्हणजे एलडीए कीटोनमध्ये घातलंस, तर सुरुवातीचा इनोलेट पुन्हा कोऱ्या कीटोनच्या गर्दीतच सापडतो.

मग ब्युटिललिथियम का नको? ते प्रोटॉन ओढण्यात वरचढ आहे, पण कार्बोनिलचा कार्बन दिसला की त्यालाच जाऊन चिकटतं; असं कार्बनला चिकटणारं ते न्यूक्लिओफाइल. कीटोनचं तृतीयक अल्कोहोल होऊन बसतं आणि प्रोटॉन जागच्या जागी राहतो. एलडीएच्या नायट्रोजनवर दोन बाजूंना दोन आयसोप्रोपिल गट आहेत, फांदीदार आणि रुंद. ऊस भरलेली ट्रॉली अरुंद गल्लीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाला घेऊन जाऊ शकते, गल्लीत मात्र शिरत नाही. तसा हायड्रोजन रेणूच्या कडेला असतो, तिथवर एलडीए पोचतं. कार्बोनिलचा कार्बन आत असतो, तिथे त्याची डाळ शिजत नाही. हॅमेल आणि लेव्हिन यांनी १९५० मध्ये असे रुंद लिथियम अमाइड वापरून एस्टरच्या कार्बोनिलला धक्का न लावता शेजारचा प्रोटॉन काढून दाखवला, तिथून ही वाट सुरू झाली.

गंमत अशी की ब्युटिललिथियम वाया जात नाही. एलडीए बनतं ते त्याच्यापासूनच. थंड टीएचएफमध्ये डायआयसोप्रोपिल अमाइन घ्यायचं, त्यात हेक्सेनमधलं ब्युटिललिथियम हळूहळू सोडायचं. अमाइनचा प्रोटॉन त्याच्याकडे जातो, एलडीए तयार होतं आणि ब्युटेन सुटतो. हा ब्युटेन म्हणजे घरच्या सिलिंडरमधल्या गॅसचाच एक घटक. उणे अर्ध्या अंशाला तो उकळतो. थंडीत द्रावणात मुकाट बसलेला असतो आणि भांडं गरम होताना एकदम बाहेर येतो. म्हणून भांड्याचं तोंड कधी घट्ट बंद करून ठेवायचं नाही, वायूला वाट हवी.

आणखी एक गोष्ट, जी पदवीच्या पुस्तकात सहसा नसते. आपण फळ्यावर नायट्रोजनपुढे लिथियम लिहून मोकळे होतो, पण एलडीए असं एकटं राहत नाही. टीएचएफमध्ये दोन रेणू जोडीने राहतात : दोन लिथियम आणि दोन नायट्रोजन यांचा चौकोन, प्रत्येक लिथियमला टीएचएफचा एकेक रेणू बिलगलेला. द्रावकच नसेल तर स्फटिकात पिळाची न संपणारी साखळी होते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले डेव्हिड कॉलम यांनी अनेक दशकं या जोड्या कशा सुटतात आणि अभिक्रियेत नेमकं काय उतरतं याचाच पिच्छा पुरवला. त्यांचे शोधनिबंध जड आहेत, पण तू एम.एस्सी.ला आहेस, एखादा वाचायला घेच. पहिल्यांदा निम्मा कळला तरी पुष्कळ.

प्रश्न : आमचा पिढीजात तंबाखूचा व्यापार. तंबाखूत चुना मळतात तो बेस म्हणून, हे तुम्ही लिहिलं होतं. निकोटीन हे अमाइन आहे असं मुलगी सांगते. मग त्याचंही असं जोरदार लिथियम अमाइड बनवता येईल का?
– व्यापारी, निपाणी

उत्तर : नाही बनणार. लिथियम अमाइड होण्यासाठी अमाइनच्या नायट्रोजनवर निदान एक हायड्रोजन हवा, कारण त्याच्याच जागी लिथियम येऊन बसतो. निकोटीनमध्ये दोन नायट्रोजन आहेत आणि दोघांवरही हायड्रोजन नाही. चुना करतो ते काम खूप खालच्या पायरीवरचं. पानात निकोटीन आम्लांशी बांधलेल्या क्षाराच्या रूपात असतं, चुना त्याच्यावरचा जास्तीचा प्रोटॉन काढून घेतो आणि मोकळं निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतून भराभर रक्तात उतरतं. हा प्रोटॉन पीकेए ८च्या आसपासचा. चुन्यालाही तो सहज निघतो.

पानात निकोटीनचं एक भावंड असतं, नॉरनिकोटीन. त्याच्या नायट्रोजनवर हायड्रोजन आहे. त्याच हायड्रोजनच्या जागी पान वाळवताना आणि मुरवताना नायट्रोसो गट बसतो आणि कॅन्सर करणारं एनएनएन (नायट्रोसोनॉरनिकोटीन) तयार होतं. तुमच्या गावात तंबाखू चाळणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांचे हात दिवसभर त्या पानात असतात, नाकातोंडात धूळ जाते, आणि निकोटीन त्वचेतूनही शिरतं. वखारीत हातमोजे, तोंडाला फडकं आणि हात धुवायला साबण-पाणी ठेवलंत तर मला फार बरं वाटेल. रसायनशास्त्राच्या प्रश्नात हे आलं, पण न लिहिता पुढे जाववत नाही.

प्रश्न : पदवीच्या मुलांना एलडीएची अभिक्रिया प्रत्यक्ष दाखवावी असं वाटतं. ड्राय आइस इथे मिळत नाही. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी द्रव नायट्रोजन असतो, तो आणून चालेल का? आणि सगळीकडे उणे ७८ अंशच का लिहितात?
– प्राध्यापक, संकेश्वर

उत्तर : सर, तुमची तळमळ पोचली, पण हे करू नका. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांचा. टीएचएफ उणे १०८लाच गोठतं, म्हणजे भांड्यात दगड होईल. त्याहून वाईट म्हणजे तेवढ्या थंडीत हवेतला ऑक्सिजन द्रव होऊन भांड्यात उतरू शकतो. सेंद्रिय द्रावकाशेजारी द्रव ऑक्सिजन म्हणजे स्फोटाची तयारी. द्रव नायट्रोजन वापरून मापात थंड करण्याच्या रीती आहेत, पण त्या सरावलेल्या हातांसाठी आणि नीट सोय असलेल्या प्रयोगशाळेसाठी. शिवाय मूळ अडचण थंडीची नाहीच, ब्युटिललिथियमची आहे. हवेत पेटणारं रसायन पदवीच्या वर्गात आणायचं नाही, एवढं माझं स्पष्ट मत.

उणे ७८चं कारण अगदी साधं : ड्राय आइस उणे ७८.५ अंशांना वायू होतो, तो ॲसिटोनमध्ये टाकला की तेवढी थंडी घरबसल्या मिळते. त्या आकड्यात दुसरी जादू नाही. मात्र थंडी लागतेच. २-मिथिलसायक्लोहेक्झॅनोन घ्या. कार्बोनिलच्या एका बाजूला मिथिलवाला कार्बन, दुसऱ्या बाजूला मोकळा. थंडीत एलडीए अडचणीची बाजू टाळून मोकळ्या बाजूचा प्रोटॉन काढतं, जवळजवळ शंभर टक्के, आणि इनोलेट तिथेच थिजून राहतो. तेच ऊब देऊन आणि थोडा कीटोन जास्त ठेवून केलंत तर प्रोटॉनची देवाणघेवाण सुरू होते आणि बहुतांश इनोलेट मिथिलच्या बाजूचा होतो, कारण तो अधिक स्थिर. एकाच कीटोनपासून दोन वेगळी उत्पादनं. हे फळ्यावर रंगवून सांगितलंत तरी मुलं खूश होतील.

वर्गात दाखवायचंच असेल तर कोरडेपणा दाखवा, आणि त्यासाठी आपला जुलै महिना फार उपयोगी आहे. मोरचूद तापवून पांढरा करा, बशीत ओता आणि टेबलावर नुसता ठेवून द्या. तास संपेपर्यंत कडेने निळसर होऊ लागेल. मग मुलांना हिशेब घालून द्या : पाण्याचा एक थेंब म्हणजे साधारण ५० मिलिग्रॅम, त्यात पावणेतीन मिलिमोल पाणी. पाण्याचा एक रेणू एलडीएचा एक रेणू संपवतो. म्हणजे छोट्या प्रयोगातलं सगळं एलडीए एका थेंबात खलास. जांबोटीकडे पाऊस कोसळत असताना बेळगावात असली अभिक्रिया लावायची तर काचसामान रात्रभर ओव्हनमध्ये ठेवावं लागतं, गरम असतानाच जोडावं लागतं आणि आर्गॉनखाली थंड करावं लागतं. हे मुलांना मोरचुदाच्या बशीकडे बघत ऐकू द्या.

प्रश्न : मोबाइलच्या बॅटरीतला लिथियम आणि हा लिथियम एकच का?
– इयत्ता दहावी, नंदगड

उत्तर : एकच. आर्फवेडसन या स्वीडिश तरुणाने १८१७ मध्ये पेटलाइट नावाच्या खनिजात तो ओळखला. आपल्या कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातही त्याचा छोटासा साठा सापडला आहे. बॅटरीत त्याचा आयन इकडून तिकडे ये-जा करतो. इथे तो कीटोनच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो. आयन फार लहान असल्यामुळे ही पकड घट्ट बसते आणि प्रोटॉन काढणाऱ्या नायट्रोजनसमोर कीटोन बरोबर कोनात येतो. सोडियम मोठा, त्याची पकड सैल. अकरावीला विज्ञान घेणार असशील तर मला पुन्हा पत्र लिही.

प्रश्न : मॅडम, मी शेतकरी. येळ्ळूरच्या शिवारात बासमती करतो. मुलगा बी.एस्सी. होऊन गोव्यात औषधाच्या कारखान्यात लागलाय. परवा फोनवर सहज बोलून गेला की हवा लागली की पेटतं असलं काहीतरी तो हाताळतो आणि त्यावर पाणीसुद्धा मारायचं नाही. तेव्हापासून त्याच्या आईला झोप नाही. त्याला परत बोलावून घेऊ का?
– एक वडील, येळ्ळूर

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुमची आणि वहिनींची काळजी रास्त आहे, म्हणून काही न लपवता लिहिते.

तो म्हणतोय ते बहुधा ब्युटिललिथियम असावं, ज्याच्यापासून वर लिहिलेला एलडीए बनतो. ते हवेत पेटू शकतं. एलडीएचं द्रावण सहसा आपोआप पेटत नाही, पण ते कातडी जाळतं आणि ठिणगी मिळाली तर भडकतं. कोरडं घनरूप एलडीए मात्र हवेत पेटतं. असली रसायनं लागतात कशाला, हेही सांगायला हवं. कोलेस्टेरॉलसाठी अटोर्व्हास्टॅटिनची गोळी गावात कितीतरी जण घेत असतील. त्या औषधाची बाजूची साखळी जोडण्याच्या एका प्रचलित पद्धतीत अशाच लिथियम अमाइडने एका एस्टरचा प्रोटॉन काढतात. कामाला अर्थ आहे.

चांगल्या कारखान्यात हे काम उघड्यावर होत नाही. बंद नळ्यांतून, नायट्रोजन वायूच्या आवरणाखाली रसायन सरकतं आणि भांड्याभोवती थंडी खेळवलेली असते. धोका येतो तो हातघाईत : नळी सोडताना, रिकामा डबा धुताना, पाळी संपता संपता. डिसेंबर २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका विद्यापीठात २३ वर्षांची प्रयोगशाळा सहायक याच कुळातलं, याहून तापट रसायन सिरिंजने काढत होती. दट्ट्या निसटला, अंगावरच्या सिंथेटिक स्वेटरने पेट घेतला, अंगात लॅबकोट नव्हता. पुढच्या महिन्यात ती गेली. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. त्या दिवशी अंगात आग न धरणारा कोट असता तर ती वाचण्याची शक्यता खूप वाढली असती, म्हणून सांगते.

तेव्हा त्याला लगेच बोलावू नका, आधी विचारा. कामावर आग न धरणारा कोट मिळतो का, आणि आत तो सुती कपडेच घालतो ना? त्या खोलीत आग विझवायला कोरडी पावडर आहे का? कारण ब्युटिललिथियमच्या आगीवर पाणी चालत नाही आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही चालत नाही, तो वायू त्याच्याशी अभिक्रिया करतो. शेजारी दुसरा माणूस असतो का? सांडलेल्या रसायनावर पाणी नाही, पण माणसाच्या अंगावर उडालं किंवा कपडे पेटले तर त्याने धावत सुरक्षा-शॉवरखालीच जायचं, भरपूर पाणी घ्यायचं, हा फरक त्याला कुणी समजावून सांगितलाय का? शॉवर कुठे आहे हे डोळे मिटून सांगता येतं का? उरलेलं रसायन संपवताना नायट्रोजनखाली, थंड ठेवून, अल्कोहोल थेंबाथेंबाने घालतात की वेळ वाचवायला एकदम ओततात?

तो ही उत्तरं पटापट देऊ लागला तर वहिनींना निवांत झोपायला सांगा. तो अडखळला, किंवा ‘पप्पा, काय सांगालास, असलं कोण विचारतंय तिथं’ असं म्हणाला, तर त्याने वरिष्ठांना लेखी विचारावं. उत्तर मिळेपर्यंत ते काम करायला नकार देण्यात काही कमीपणा नाही. तरीही कुणी दाद देत नसेल तर बोलवा त्याला घरी. नोकरी दुसरी मिळेल. ही यादी त्याला फोनवर वाचून दाखवा.

प्रश्न : आमच्या गटात ताज्या एलडीएने अभिक्रिया होते, बाटलीतल्या एलडीएने कधी होते कधी नाही. त्याऐवजी एलआयएचएमडीएस (दुसरं एक लिथियम अमाइड) वापरू का?
– संशोधक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : आधी टायट्रेशन कर. लेबलवर दोन मोलर लिहिलंय म्हणजे आत तेवढं आहेच असं नाही. बाटलीतलं एलडीए टीएचएफ, हेप्टेन आणि एथिलबेंझीन यांच्या मिश्रणात येतं. टीएचएफ मुद्दाम कमी ठेवलेलं असतं, कारण उबेला एलडीए त्यालाच हळूहळू खातं. कोरड्या टीएचएफमध्ये डायफिनिल ॲसेटिक आम्ल तोलून घे, आर्गॉनखाली एलडीए थेंबाथेंबाने सोड. पहिला प्रोटॉन निघेपर्यंत द्रावण रंगहीन राहतं, पुढचा निघू लागला की पिवळं होतं. पिवळा रंग टिकला तो शेवट. ब्युटिललिथियमलाही हीच पद्धत चालते. डायआयसोप्रोपिल अमाइन कॅल्शियम हायड्राइडवरून ऊर्ध्वपातन करूनच घे, ते ८४ अंशांना येतं.

टायट्रेशन बरोबर येऊनही वेग वेगळा दिसला तर दोष तुझ्या हाताचा असेलच असं नाही. कॉलम यांच्या गटाने दाखवलंय की उणे ७८ला काही अभिक्रियांमध्ये लिथियम क्लोराइडचा अगदी अंशसुद्धा वेग खूप वाढवतो. एलडीए कोणत्या ब्युटिललिथियमपासून आणि कसं बनलंय, यावर तो अंश ठरतो. म्हणून वहीत बाटलीचा बॅच क्रमांक लिहीत जा.

एलआयएचएमडीएसचं म्हणशील तर ते वेगळं हत्यार आहे. नायट्रोजनच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन असल्यामुळे ऋण प्रभार विसावतो, पीकेए टीएचएफमध्ये २६च्या घरात येतो. ते सौम्य आहे आणि जास्त टिकाऊ आहे. तुझा रेणू कीटोन असेल तर बेलाशक वापर. साधा एस्टर असेल तर पीकेए २५च्या आसपास, म्हणजे ओढाताण बरोबरीची, प्रोटॉन पूर्ण निघेल याची खात्री नाही. तिथे एलडीएच हवं. नायट्राइल असेल तर एलडीएशिवाय पर्याय धरू नकोस.